लॅटिन ग्रॅमीची पहिली रात्र: एका भाषेचा संगीत पुरस्कार टीव्हीवर येतो तेव्हा पडद्यामागे काय घडतं?



२०१७ साली 'देस्पासितो' नावाचं स्पॅनिश गाणं आलं आणि बघता बघता आपल्याकडच्या वरातीतही वाजायला लागलं. शब्द कुणाला कळत नव्हते, पण पाय थांबत नव्हते. यूट्यूबवर ३०० कोटी व्ह्यूजचा टप्पा सगळ्यात आधी गाठला तो याच गाण्याच्या व्हिडिओने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या गाण्याला ४ लॅटिन ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

आता प्रश्न असा, की ग्रॅमी असताना हे 'लॅटिन ग्रॅमी' वेगळं कशासाठी? ते कधी सुरू झालं, मत कोण देतं, आणि कार्यक्रम टीव्हीवर दाखवायचा म्हटलं की नेमकं काय काय बदलतं?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतला हा सोहळा, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं आपलं बुटीबोरीच घ्या. एमआयडीसीमुळे इथे विदर्भातल्या गावागावांतून आणि बाहेरच्या राज्यांतूनही माणसं कामाला आली. भाड्याच्या खोल्यांच्या एकाच ओळीत एका मोबाइलवर वऱ्हाडी गाणं, दुसऱ्यावर भोजपुरी, तिसऱ्यावर हिंदी. यातलं कुठलं गाणं टीव्हीच्या मोठ्या स्टेजवर जातं आणि कुठलं खोलीतच राहतं, हे कुठेतरी, कुणीतरी ठरवत असतं. लॅटिन ग्रॅमीची सुरुवात समजून घेतली की हे 'ठरवणं' कसं चालतं ते स्वच्छ दिसतं. चला तर मग, टप्प्याटप्प्याने बघूया.

'लॅटिन' म्हणजे नक्की कोण?

आधी एक गोंधळ दूर करू. इथे लॅटिन म्हणजे रोमन काळातली जुनी भाषा नाही. संगीताच्या बाजारात 'लॅटिन' म्हणजे मुख्यतः स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषेतलं संगीत. त्यात मेक्सिको, क्युबा, कोलंबिया, ब्राझील आले, अमेरिकेत राहणारे स्पॅनिश भाषिक आले आणि युरोपातले स्पेन-पोर्तुगालही आले.

म्हणजे हा पुरस्कार देशाचा नाही, भाषेचा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर असा विचार करा: बडोद्यात किंवा बेळगावात रेकॉर्ड झालेलं मराठी गाणं 'मराठी' धरायचं की नाही? भाषा हा निकष लावला तर नक्की धरायचं. आणि मुंबईत तयार झालेलं हिंदी गाणं? ते महाराष्ट्रातलं असलं तरी मराठी नाही. लॅटिन ग्रॅमीने हाच भाषेचा निकष धरला.

वेगळा पुरस्कार का लागला?

मूळ ग्रॅमी पुरस्कार १९५९ पासून दिले जातात. पण त्यात लॅटिन संगीतासाठी स्वतंत्र विभाग यायला १९७६ साल उजाडलं. तेव्हा विभाग एकच होता आणि तो मिळाला पियानोवादक एडी पामिएरी यांना.

एकच विभाग म्हणजे काय अडचण होते, हे मराठी माणसाला सांगायला नको. समजा 'सर्वोत्कृष्ट मराठी गाणं' असा एकच पुरस्कार ठेवला आणि त्यात लावणी, अभंग, पोवाडा, भीमगीत, कोळीगीत, भावगीत सगळं एकत्र टाकलं. सब घोडे बारा टक्के! लावणीची तुलना अभंगाशी कशी करणार? साल्सा, बोलेरो, मारियाची, सांबा यांचं तसंच झालं. पुढे ग्रॅमीने लॅटिन विभाग वाढवले, पण ते शेवटी मोठ्या घरातल्या एका खोलीसारखेच होते.

म्हणून १९९७ साली 'लॅटिन रेकॉर्डिंग अकादमी' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि १३ सप्टेंबर २००० रोजी लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये पहिला लॅटिन ग्रॅमी सोहळा झाला. सीबीएस या मोठ्या अमेरिकन वाहिनीने तो दाखवला.

हा टीव्हीवरचा पहिला लॅटिन संगीत पुरस्कार मात्र नव्हता. युनिव्हिजन या स्पॅनिश वाहिनीवर 'प्रेमियो लो नुएस्त्रो' १९८९ पासूनच सुरू होता. 'लो नुएस्त्रो'चा अर्थ 'जे आपलं आहे ते'. किती सुंदर नाव आहे! फरक एवढाच, की तो कार्यक्रम स्पॅनिश माणूस स्पॅनिश वाहिनीवर बघत होता. २००० साली तीच गाणी इंग्रजी वाहिनीच्या प्राइम टाइममध्ये गेली. घरातला गणपती आणि चौकातला सार्वजनिक गणपती यात जो फरक आहे ना, तसाच.

त्या रात्री काय झालं?

सेलिया क्रूझ, ग्लोरिया एस्तेफान आणि रिकी मार्टिन अशी तीन पिढ्यांची मंडळी स्टेजवर होती. त्याच वर्षी वारलेले तालवादक टीटो पुएन्ते यांना संगीतातून आदरांजली वाहिली गेली. कार्लोस सांताना आणि 'माना' या मेक्सिकन बँडच्या 'कोराझॉन एस्पिनादो'ला वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान मिळाला. लुइस मिगेल यांचा अल्बम वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला.

आणि सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार कोण? क्युबाचे इब्राहिम फेरर. वय ७३! आयुष्यभर गाऊन हा माणूस मागे पडला होता. 'बुएना विस्ता सोशल क्लब' या १९९७ च्या अल्बममुळे जगाने त्यांना ऐकलं. नवोदित ते नव्हतेच, जगाचं लक्ष त्यांच्याकडे नव्याने गेलं होतं. 'नवोदित' ठरवताना वय बघायचं की जगाला माहीत होण्याचं साल, हा नियमाचा प्रश्न आहे. नियम बदला, विजेता बदलतो.

१२० मिनिटांचा हिशेब

आता खरी गोम इथे आहे. पहिल्या वर्षी पुरस्काराचे ४० विभाग होते. टीव्हीवर वेळ होता साधारण दोन तास. चला, सोपा हिशेब करू (आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत):

• एकूण वेळ: १२० मिनिटं
• जाहिराती धरा ३० मिनिटं. उरली ९०
• १२ गाणी, प्रत्येकी ४ मिनिटं, म्हणजे ४८. उरली ४२
• एका पुरस्काराला किमान ३ मिनिटं लागतात: नामांकनं वाचा, पाकीट उघडा, विजेता खुर्चीतून उठून स्टेजवर येईपर्यंत थांबा, दोन शब्द बोलू द्या. ४२ मिनिटांत बसले १४

त्यातून स्वागत आणि निवेदनाचा वेळ काढला की उरतात १०-१२. म्हणजे ४० पैकी बहुतेक पुरस्कार टीव्हीवर दिसणारच नाहीत! ते प्रक्षेपणाआधीच्या छोट्या सोहळ्यात उरकले जातात. ट्रॉफी तीच, मान तोच, फक्त कॅमेरा नाही.

मग टीव्हीवर कोण दिसतं? ज्याचं नाव बघून प्रेक्षक चॅनेल बदलणार नाही, तो. यात कुणाचं कटकारस्थान असायलाच हवं असं नाही. वाहिनीचा खर्च जाहिरातीतून निघतो, जाहिरात प्रेक्षकसंख्येवर मिळते आणि प्रेक्षक ओळखीच्या चेहऱ्यावर थांबतो. या साखळीत लोकसंगीत, वाद्यसंगीत, बालगीतं आपोआप मागे सरकतात.

पहिल्याच वर्षी यावरून वाद झाला. अमेरिकेतल्या स्पॅनिश श्रोत्यांमध्ये मेक्सिकन वंशाचे लोक सगळ्यात जास्त. त्यांचं रांगडं संगीत म्हणजे नोर्तेन्यो, बांदा वगैरे. या संगीताला सोहळ्यात पुरेशी जागा नाही, झगमगाटी पॉपलाच सगळा मान, अशी तक्रार करत फोनोविसा या रेकॉर्ड कंपनीने बहिष्कार घातला. मराठीत असा सोहळा झाला आणि त्यात पुण्या-मुंबईची गाणीच दिसली, दंडार किंवा खडी गंमत नावालाही नाही, तर विदर्भातला माणूस काय म्हणेल? तेच.

विजेता ठरवायचे तीन मार्ग

संगीत पुरस्कारांत मतदानाच्या मुख्य तीन पद्धती आहेत. लॅटिन संगीताच्या जगात तिन्ही सापडतात.

१) जाणकारांचं मत. लॅटिन ग्रॅमीत अकादमीचे सभासद मत देतात. सभासद म्हणजे गायक, वादक, संगीतकार, ध्वनिमुद्रक, निर्माते. पाकिटातलं नाव आधी फुटू नये म्हणून मोजणीचं काम बाहेरच्या हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडे असतं. फायदा: कारागिराची पारख कारागीर करतो. तोटा: सभासद कोण, यावर सगळं अवलंबून. ज्या शैलीचे सभासद कमी, तिची मतंही कमी.

२) आकड्यांचं मत. बिलबोर्ड या मासिकाचे लॅटिन संगीत पुरस्कार १९९४ पासून आहेत. ते विक्री, रेडिओवरचं वाजणं आणि आता स्ट्रीमिंग अशा आकड्यांवर चालतात. फायदा: वशिला चालत नाही. तोटा: जे मोजलं जात नाही ते अस्तित्वातच नाही! ब्लूटूथने एकाने दुसऱ्याला दिलेलं गाणं, जत्रेतल्या भोंग्यावर वाजलेलं गाणं, पेन ड्राइव्हमधून ट्रॅक्टरवर वाजलेलं गाणं कुठल्या तक्त्यात येणार?

३) लोकांचं मत. ८ ऑक्टोबर २०१५ रोजी टेलेमुंडो या स्पॅनिश वाहिनीने हॉलिवूडच्या डॉल्बी थिएटरमधून 'लॅटिन अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्स' सुरू केले. 'अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्स'च्या धर्तीवर, चाहत्यांच्या ऑनलाइन मतांचा हा सोहळा. मराठीत झी टॉकीजचं 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?' याच जातकुळीतलं.

तुमचं मत जातं कुठे?

आपल्याकडे टीव्हीवरच्या लोकमताची सवय लावली ती 'इंडियन आयडॉल'ने. २००५ च्या मार्चमध्ये मुंबईचा मराठी मुलगा अभिजीत सावंत पहिला विजेता झाला, तो फोन आणि एसएमएसच्या मतांवर.

एसएमएसचं मत असं जातं: तुमच्या मोबाइलवरून टॉवरला, टॉवरवरून मोबाइल कंपनीच्या एसएमएस केंद्राला. ते केंद्र बघतं की नंबर दहा आकडी नाही, पाच आकडी शॉर्ट कोड आहे. मग तो मेसेज त्या कोडच्या मालकाकडे म्हणजे मध्यस्थ कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर मेसेजमधला शब्द वाचतो आणि त्या नावापुढे एक आकडा वाढवतो. असा एसएमएस साध्या एसएमएसपेक्षा महाग असायचा आणि पैसे मोबाइल कंपनी, मध्यस्थ आणि वाहिनी यांच्यात वाटले जायचे. म्हणजे मतपेटी ही कमाईची पेटीसुद्धा होती.

एका सिममधून कितीही मतं देता येत असतील तर ती माणसांची मोजणी राहत नाही, उत्साहाची आणि पैशाची मोजणी होते. २००७ साली 'इंडियन आयडॉल'मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी तिकडच्या लोकांनी पैसे गोळा करून मतं पाठवली. एरवी टीव्हीवर ज्यांना जागा नव्हती त्या लोकांनी आपला माणूस जिंकवून दाखवला. त्याला गैरप्रकार म्हणायचं की हक्काची दखल मिळवणं? उत्तर तुमच्यावर सोडतो.

ऑनलाइन मतदानात मोबाइल नंबरवर ओटीपी, रोजच्या मतांची मर्यादा आणि एकाच इंटरनेट पत्त्यावरून आलेल्या शेकडो मतांची छाननी असे उपाय करतात. तरी बनावट खाती पूर्ण थांबत नाहीत. म्हणून लोकमताच्या पुरस्कारात 'एका माणसाला किती मतं?' हा नियम सगळ्यात आधी वाचा.

'लाइव्ह' म्हणजे किती लाइव्ह?

आता तांत्रिक भाग. स्टेजवरच्या गायकाचा आवाज बुटीबोरीच्या खोलीत कसा पोचतो?

माइक आणि कॅमेऱ्यांचे सिग्नल स्टेजबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये येतात. संगीताच्या मोठ्या कार्यक्रमात गाण्याच्या आवाजासाठी वेगळी व्हॅन ठेवतात, कारण हॉलमधल्या लोकांना ऐकवायचा आवाज आणि टीव्हीसाठीचा आवाज यांचं मिश्रण वेगळं असतं. पुढे चित्र-आवाज दाबून लहान केले जातात आणि उपग्रहाकडे पाठवले जातात.

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. वर जायला ०.१२ सेकंद, खाली यायला ०.१२, मिळून जवळजवळ पाव सेकंद. तुमचा केबलवाला मोठ्या डिशने तो सिग्नल थेट घेतो. डीटीएच कंपनी मात्र तो घेऊन स्वतःच्या उपग्रहावर पुन्हा पाठवते, म्हणून आणखी पाव सेकंद. डीटीएचच्या लहान डिशला लागणारा केयू बँड पावसाच्या थेंबांनी अडतो. जुलैत मुसळधार पाऊस आला की डिशचं चित्र जातं आणि शेजारचं केबल चालू राहतं, त्याचं कारण हेच.

पण खरा उशीर अंतराळात होत नाही. चित्र दाबणं आणि पुन्हा उलगडणं यात काही सेकंद जातात. शिवाय कुणी भलतंसलतं बोललं तर आवाज कापता यावा म्हणून वाहिन्या मुद्दाम काही सेकंद मागे राहतात. मोबाइल ॲपवर तर कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि दोन-तीन तुकडे हाताशी जमल्यावरच फोन दाखवायला सुरुवात करतो. त्यामुळे ॲपवाला टीव्हीवाल्याच्या २०-३० सेकंद सहज मागे असतो. म्हणून शेजारच्या खोलीत आधी टाळ्या वाजतात आणि तुमच्या फोनवर पाकीट उघडायचं बाकी असतं.

वेळेचा फरकही मोठा. सप्टेंबरात लॉस एंजेलिसला संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा बुटीबोरीत दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे पहिल्या पाळीची मंडळी डबा घेऊन गाडीची वाट बघत असतात तेव्हा तिकडे रेड कार्पेट चालू! आपल्याकडचे बहुतेक पुरस्कार सोहळे तर लाइव्ह नसतातच. ते आधी चित्रित होतात, कापून-जोडून तयार होतात आणि नंतर दाखवले जातात. विजेत्यांची नावं तोवर व्हॉट्सॲपवर फिरून जुनी झालेली असतात. मग लोक बघतात कशासाठी? गाण्यांसाठी, नाचासाठी आणि आपल्या माणसाला मान मिळताना बघण्यासाठी.

कॅमेरा नसला तर?

या प्रश्नाचं उत्तर लॅटिन ग्रॅमीला दुसऱ्याच वर्षी मिळालं, आणि फार वाईट रीतीने. दुसरा सोहळा लॉस एंजेलिस परिसरात ११ सप्टेंबर २००१ च्या संध्याकाळी व्हायचा होता. त्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. सोहळा रद्द झाला. पुढे ३० ऑक्टोबरला पत्रकार परिषदेत विजेत्यांची नावं जाहीर झाली.

पुरस्कार तेच होते, मतंही तीच. पण ती रात्र झालीच नाही. २००० च्या सोहळ्यातले क्षण आजही सांगितले जातात, २००१ चे विजेते मात्र यादीत शोधावे लागतात. पुरस्कार मतपत्रिकेत ठरतो, पण लोकांच्या आठवणीत तो पडद्यावरून जातो.

२००५ मध्ये लॅटिन ग्रॅमी सीबीएस सोडून युनिव्हिजनवर म्हणजे स्पॅनिश वाहिनीवर गेलं. इंग्रजी वाहिनीवर परक्या प्रेक्षकाला समजावून सांगत बोलावं लागतं. आपल्या भाषेच्या वाहिनीवर ते ओझं नसतं. मराठीलाही स्वतःची खासगी वाहिनी मिळाली ती याच काळात: १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं, म्हणजे आजचं झी मराठी. आपले सोहळे, आपले निवेदक, आपले विनोद दाखवायला हक्काची जागा झाली. पण आपल्या वाहिनीवरही तो १२० मिनिटांचा हिशेब सुटत नाही, हेही लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी काय बघाल?

मित्रांनो, कुठलाही नवा संगीत पुरस्कार जाहीर झाला की ट्रॉफी आणि सूत्रसंचालक बघण्याआधी हे ४ प्रश्न विचारा:

• पात्र कोण? भाषा बघतात की प्रदेश? बोलीतलं गाणं चालतं का?
• मत कुणाचं? जाणकारांचं, आकड्यांचं की लोकांचं? एका माणसाला किती मतं?
• एकूण विभाग किती आणि टीव्हीवर दिसणार किती?
• कार्यक्रम थेट आहे की चित्रित? चित्रित असेल तर कात्री कुणाच्या हातात?

या चार उत्तरांवरून विजेत्याचं नाव कळणार नाही, पण कुठल्या प्रकारचं गाणं जिंकू शकतं आणि कुठलं दारातच अडतं, ते नक्की कळेल.

आणि तुमच्यापैकी कुणी स्वतः गाणी करत असेल, यूट्यूबवर टाकत असेल, तर एक काम आजच करा. गाण्याच्या माहितीत गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांची पूर्ण नावं आणि गाण्याची भाषा-बोली लिहा. कुठलीही समिती, कुठलाही तक्ता, कुठलंही मतदान नावाशिवाय गाणं ओळखू शकत नाही. इब्राहिम फेरर यांना ७३ व्या वर्षी नवोदित कलाकाराचा मान मिळाला, तोही त्यांच्या नावानेच.

माहिती आवडली असेल तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. तुमच्या मते मराठीतला कुठला संगीतप्रकार टीव्हीच्या स्टेजवर कधीच दिसत नाही, तेही कळवा.